सत्तावीस जुलैचं कार्ड

शनिवार, २६ जुलै. दुपारचे चार.

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय, त्यामुळे अक्षर नेहमीसारखं येणार नाही. एरवी माझ्या अक्षराला अख्खं लोणावळं नावाजतं. मी हुमेरा तांबोळी, ग्रंथपाल. आमच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर गेली अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला मी ‘आजचा दिनविशेष’ लिहिते.

देशाचा आणि जगाचा दिनविशेष कुठल्याही कॅलेंडरवर मिळतो. आमचा फक्त लोणावळ्याचा आणि मावळाचा. ‘आजच्या दिवशी १९६३ साली बाजारातल्या विहिरीत बिबट्या पडला, त्याला बाजेवर घेऊन वर काढलं.’ ‘आजच्या दिवशी १९८७ साली वडगावच्या कोर्टात पुरावा म्हणून आणलेली म्हैस सुटली आणि थेट स्टेशनात शिरली.’ लोक थांबून वाचतात, हसतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात. कुणाचे आजोबा त्या म्हशीच्या मागे धावलेले असतात. मग तो माणूस आत येतो, आजोबांचं नाव घालायला सांगतो आणि जाताना एखादं पुस्तकही नेतो. माझं वाचनालय असंच चालतं.

ही सगळी माहिती बाजीराव गायकवाड गुरुजींनी जमवली. ते माझ्या आधीचे ग्रंथपाल. दिवसा शाळा, संध्याकाळी वाचनालय, असं त्यांनी एकतीस वर्षं केलं. एका तारखेला एक कार्ड, अशी तीनशे सहासष्ट कार्डं लाकडी खणांत ओळीनं लावलेली आहेत. त्या कार्डांनीच माझं हे डोकं फिरवलंय, म्हणून इतकं सांगतेय.

आत माझी अल्फिया आहे. माझी एकुलती एक लेक, पहिलंच बाळंतपण. तिचं सिझर आज सकाळी अकराला ठरलं होतं. भूल देणारे डॉक्टर पुण्याहून यायचे होते. ते साडेदहापासून गाड्यांच्या रांगेत अडकलेत. शनिवार, त्यात जुलै महिना. अर्धं पुणं आणि पाऊण मुंबई धबधबे बघायला आलीय. जावई इरफान दर दहा मिनिटांनी फोन लावतोय. मघाशी डॉक्टर कार्ल्याच्या फाट्याला होते, आताही तिथंच आहेत.

आज झालं पाहिजे. उद्या सत्तावीस तारीख आहे.

का ते नीट लिहून ठेवते. घाई नाही, इथं मला दुसरं काम नाही.

डिसेंबरात अल्फियाला दिवस राहिल्याचं पक्कं झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली सत्तावीस जुलै. मला कसला आनंद झाला! त्याच संध्याकाळी मी म्हटलं, बघू तरी आपल्या नातवंडाच्या दिवशी मावळात काय काय घडलंय. खण उघडला. सव्वीस जुलैचं कार्ड पाठपोट भरलेलं होतं, दोन हजार पाच सालचा तो पाऊस तर होताच. अठ्ठावीसच्या कार्डावर नऊ नोंदी. मधलं कार्ड कोरं.

मला वाटलं, राहिलं असेल. पण गुरुजी म्हणजे एकोणतीस फेब्रुवारीच्यासुद्धा चार नोंदी शोधून काढलेला माणूस. ते असं एका दिवसाचं कार्ड कोरं सोडतील? माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, हे कार्ड मी भरीन आणि बाळ झाल्यावर फळ्यावर सगळ्यात खाली बाळाची नोंद करीन. हौस, दुसरं काय.

जानेवारीत वडगावला गेले. तहसील कचेरीच्या अभिलेख खोलीत हनुमंत नावाचे कारकून आहेत, वाचनालयाचे जुने सभासद. त्यांनी गावोगावची जन्म-मृत्यूची जुनी रजिस्टरं काढून दिली. वाळवी, धूळ, वर करकरणारा पंखा. मी एकेक वर्ष बघत गेले. सव्वीस जुलै: तीन जन्म, एक मृत्यू. अठ्ठावीस जुलै: दोन जन्म. पुढचं वर्ष तसंच, त्याच्या पुढचंही तसंच.

“हनुमंतराव, सत्तावीस जुलैला मावळात कुणी जन्मत नाही का हो?”

“पावसाचे दिवस मॅडम. नोंद करायला कोण येतंय?”

“अठ्ठावीसला येतात की.”

त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. “चहा सांगतो,” म्हणाले.

चार वेळा गेले मी. एकोणऐंशी वर्षं बघितली. जन्म नाही, मरण नाही, घराला आग नाही, साधी बैल हरवल्याची तक्रार नाही. मग आमच्या वाचनालयाची देवघेव वही काढली. सत्तावीस जुलैला आम्ही कधी बंद नसतो, तरी दर वर्षी त्या तारखेखाली एकही पुस्तक दिलेलं नाही. ग्रुपवरचे फळ्याचे फोटो बघितले. सव्वीसचा आहे, अठ्ठावीसचा आहे. मग मी डोळे मिटून बसले आणि आठवू लागले, गेल्या सत्तावीस जुलैला हुमेरा तांबोळीनं काय केलं? त्याच्या आदल्या वर्षी? मला सव्वीसला छत्री मोडलेली आठवत होती. अठ्ठावीसला नवी घेतलेली आठवत होती.

इरफानला सांगितलं तर तो हसला. “अम्मी, वर्षापूर्वीच्या एखाद्या दिवशी काय केलं ते मलाही आठवत नाही.” पोरगं समजूतदार आहे, बोलणं चुकीचं नव्हतं. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं.

पण मग मी ते कार्ड खिडकीपाशी नेऊन तिरपं धरलं. कोरं नव्हतं ते. वर शाईचा टिपूस नव्हता, पण टाकी लावलेल्या पाट्यासारखं खडबडीत झालं होतं. बोट फिरवलं तर लागत होतं. कुणीतरी त्यावर लिहिलं होतं, पुन्हा लिहिलं होतं, लिहितच गेलं होतं. मी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घासली. राखाडीत पांढऱ्या रेघा उठल्या, इतक्या एकावर एक की काही लागेना. खालच्या रेघा गुरुजींच्या, उजवीकडे कललेल्या. वरच्या गोल अक्षरातल्या. ह-ची शेपटी लांब ओढलेली. ती शेपटी मी दुसरीत असल्यापासून ओढते, त्यासाठी छड्या खाल्ल्यात.

अगदी तळाला एक ओळ सुटी होती, ती वाचता आली. माझंच अक्षर. ‘या वर्षी नक्की लक्षात ठेवणार.’

मी पंधरा मिनिटं खुर्चीवर बसून होते. मग कार्ड पर्समध्ये टाकलं आणि वडिवळ्याची वाट धरली. गुरुजी आता तिथं राहतात.

*

पाच वाजले. डॉक्टर अजून कार्ल्यालाच. अल्फियाला आत बघून आले. “अम्मी, भूक लागलीय गं,” म्हणाली. सकाळपासून उपाशी ठेवलीय पोरीला. पोटावर हात ठेवून पडलीय. मला म्हणाली, “बघ, लाथ मारतंय.” मी हात ठेवला. खरंच मारली, चांगली सणसणीत. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. अल्फियाला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

गुरुजींचं लिहायचं राहिलं.

गुरुजी त्र्याऐंशीचे झालेत. पडवीत बसले होते, मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, पुढ्यात वडिवळ्याच्या भाताची खाचरं, धरणावरून येणारा गार वारा. मी कार्ड पुढं केलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही.

“मला वाटलंच होतं, एक दिवस तू येशील.”

“गुरुजी, हे काय आहे?”

“ठाऊक नाही. अठ्ठावीस जुलैला सकाळी माझ्या बोटांना शाई असायची. पेन निम्मं रिकामं झालेलं असायचं. कार्ड कोरं. म्हणजे मी रात्रीपर्यंत लिहीत असणार, असं मी समजायचो. नऊ-दहा वर्षांनी शोधायचं सोडून दिलं.”

“मला सांगितलं का नाही?”

“काय सांगायचं होतं? त्या दिवशी काही घडत नाही म्हणून? की घडतं आणि राहत नाही म्हणून? आणि तुला सांगितलं नसेल कशावरून? त्याच दिवशी सांगितलं असेल तर?”

मी कार्ड परत पर्समध्ये ठेवलं.

त्यांची बायको भागुबाई, सगळं गाव मावशी म्हणतं, दारात तांदूळ निवडत बसली होती. चाळीस वर्षं सुईणपण केलेली बाई. नाणे मावळातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली. ती सुपातून मान वर न करता म्हणाली, “तिला त्या बायांचं सांगा की.”

“तूच सांग,” गुरुजी म्हणाले.

“तीन बाया बगितल्या म्या. तीन येगळ्या सालाला. पयली पल्याडच्या वाडीची. थानं दगडावानी झालेली, आंगात ताप. म्या म्हनलं, लेकरू कुटं हाय गं? ती म्हनली, मावशी, मला लेकरू न्हाईच. नवरा म्हनला न्हाई. सासू म्हनली न्हाई. अन् दुदानं चोळी निथळतीया.”

“मूल गेलं असेल, मावशी. दुःखानं बोलत नसतील.”

“म्या काय येडी हाय व्हय? गेलेल्या लेकराची आई मला कळंना? ती रडती. ह्या रडत न्हवत्या. त्यास्नी कळतच न्हवतं काय झालंय ते. नुसतं म्हनायच्या, मावशी, हे वलं कशानं होतंय?”

“मग तुम्ही काय केलं?”

“काय करनार? मोगऱ्याची फुलं बांधली. मोगऱ्यानं दूद आटतं.” तिनं एक खडा निवडून अंगणात टाकला. “तिगी बी जुलै सरताना आल्या. ह्यांनी दिस मोजलं. एकच तारीक निगाली.”

मी उठले. भागुमावशी अंगणापर्यंत आली, माझा हात धरला. “लेक कंदी बाळंत व्हनार हाय तुजी?” मी सांगितलं. तिनं हात सोडला आणि पदरानं तोंड पुसलं. “आदी कर,” एवढंच म्हणाली.

म्हणून आजचं सिझर. डॉक्टरीणबाईंच्या मागे लागून मी ते ठरवून घेतलं. खोटं बोलले, नवस बोललेय, मुहूर्त आहे म्हणाले, त्या हसल्या, “तुमच्यातही मुहूर्त असतो का काकू?” मी म्हटलं, आमच्यात नसतो, माझ्यात आहे. पुण्याला माझ्या बहिणीकडे न्यायचंही बघितलं होतं. पण अल्फियाच्या पोटातलं पाणी कमी झालंय, प्रवास नको म्हणाल्या.

*

पावणेसात. संपलं.

डॉक्टरीणबाई येऊन सांगून गेल्या. भूल देणारे डॉक्टर आता कधी पोहोचतील याचा नेम नाही, पोहोचले तरी आठ तास गाडीत बसलेल्या माणसाकडून त्या हे करून घेणार नाहीत. बाळाचे ठोके चांगले आहेत. उद्या सकाळी नऊला, पहिलंच.

“परवा करा,” मी म्हटलं.

“परवापर्यंत थांबता येणार नाही काकू. पाणी आणखी कमी झालंय.”

“मग आत्ता दुसऱ्या कुणाला बोलवा. पाया पडते तुमच्या.”

इरफाननं माझ्या खांद्याला धरलं आणि बाजूला नेलं. “अम्मी, तारखेचं काय घेऊन बसलात? बाळ-बाळंतीण सुखरूप असले म्हणजे झालं. तुम्हीच असं करायला लागलात तर अल्फियाकडे कोण बघणार?” त्याचे डोळे लाल झाले होते. तोही सकाळपासून उभा आहे.

दोन गोष्टी केल्यात. वेडेपणा वाटेल, वाटू दे.

पहिली. आमच्या मावळात निम्म्या म्हाताऱ्यांचा वाढदिवस एक जूनला येतो. माझ्या आईचा, खतीजाबीचा, एक जून. माझ्या मिस्टरांचा एक जून. गुरुजींचा स्वतःचाही एक जून. जन्मतारीख कुणाला माहीत नसायची. शाळेत नाव घालताना मास्तर एक जून टाकून मोकळे व्हायचे. त्यानं कुणाचं काय बिघडलं? आयुष्यभर पगार मिळाला, पेन्शन मिळाली. सरकारला कागदावरची तारीख पुरते. मग त्या दिवसालाही पुरेल, नाही का? मूल उद्या होऊ दे, पण ते सव्वीसचं आहे असं कागद म्हणू दे.

पायल सिस्टरला गाठलं. चुणचुणीत मुलगी आहे.

“सिस्टर, उद्या बाळ झालं की रजिस्टरात आजची तारीख टाकाल का?”

“काकू, लोक पुढचा मुहूर्त मागतात, तुम्ही मागची तारीख मागताय!”

“एवढं करा. तुमच्या आजीची जन्मतारीख काय आहे?”

“एक जून,” म्हणाली आणि स्वतःच हसली. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “आजच्या पानावर एक ओळ सोडते. बघू उद्या.” मी तिच्यासमोर उभी राहून ती ओळ सोडायला लावली. पाचवी ओळ.

दुसरी गोष्ट ही वही. शाई राहत नाही, पण खाच राहते, हे मला कार्डानं शिकवलंय. उद्या मी बॉलपेननं, दाबून, एका पानावर एकदाच लिहीन, मधे एक पान सोडून. जे होईल ते सगळं लिहीन. आणि परवा सकाळी हुमेरा, तू ही वही उघडशील तेव्हा कोऱ्या पानांवर पेन्सिल घास. वर लिहिलेलं सगळं खरं आहे. तू खोटं लिहीत नाहीस, अकरा वर्षांत फळ्यावर एक चुकीचं साल लिहिलेलं नाहीस.

मुलगी झाली तर माझ्या आईचं नाव ठेवायचं असं अल्फियानं मला आज सांगितलं. खतीजा.

*

बुधवार, ३० जुलै. सकाळचे अकरा.

वही काल सापडली. पिशवीत टॉवेलखाली होती. अल्फियासाठी पेज करायची होती म्हणून वाचायचं लांबवलं. रात्री झोप नव्हती, आज पहाटे इथं तिच्या खाटेशेजारी बसून वाचली. दोनदा वाचली.

अक्षर माझंच आहे. ह-ची शेपटी आहे.

जे मला ठाऊक आहे ते आधी लिहिते. अल्फियाच्या पोटात गाठ होती. डिसेंबरापासून वाढत होती. शनिवारी ऑपरेशन होऊन ती काढली. मला शनिवार आठवतो, बाहेरचं बाक आठवतं, इरफानचे लाल डोळे आठवतात. त्यानंतर सोमवार आठवतो. डॉक्टरीणबाईंना मी काल विचारलं, गाठ केवढी होती? “चांगली मोठी होती काकू,” म्हणाल्या आणि किती मोठी ते सांगण्यासाठी दोन्ही हात पुढं केले. हात तसेच राहिले थोडा वेळ. मग त्यांनी ते कोटाच्या खिशात घातले.

शनिवारच्या मजकुरानंतर सहा पानं कोरी आहेत. मी स्वतःचं ऐकलं. नर्सच्या टेबलावरून पेन्सिल आणली आणि घासली. बरंच लागलं नाही. जे लागलं ते जसंच्या तसं उतरवते.

‘९.३८. मुलगी. दोन किलो नऊशे.’

‘डाव्या कानामागे तीळ. अल्फियाला आहे तिथंच.’

‘इरफाननं कानात अजान दिली.’

‘पायलनं पाचव्या ओळीत सव्वीस लिहिलं. मी बघितलं. आता काही होत नाही.’

‘माझं बोट धरून ठेवलंय. सोडत नाही.’

‘दुपार. अल्फियाला झोप लागली. हिला माझ्याकडे दिलंय. मी खाली ठेवणार नाही. एका हातानं लिहितेय.’

‘अंधार पडायला लागला. हलकी लागतेय.’

शेवटच्या पानावर एकच ओळ होती, इतकी दाबून लिहिलेली की कागद फाटला होता. ‘या वेळी नक्की लक्षात ठेवणार.’

मी कागदावर विश्वास ठेवणारी बाई आहे. दुसरं कुणी काही म्हणो, चार पुरावे समोर ठेवले की मी मान्य करते. म्हणून खाली जाऊन पायल सिस्टरला शनिवारचं रजिस्टर मागितलं. चार नावं, मग एक रिकामी ओळ, मग रविवार नाहीच, सोमवार. “ही ओळ का सोडलीत?” विचारलं. ती ओळीकडे बघत राहिली. “चुकून राहिली असेल काकू.” मी बोट फिरवलं. खाच होती. तिनं माझं बोट बघितलं, मग तिनंही फिरवलं.

म्हणजे हे खरं आहे. मला नात झाली होती. दोन किलो नऊशे, कानामागे तीळ. हे मी दहा वेळा मनात म्हणून पाहिलं, फळ्यावरचा मजकूर पाठ करावा तसं. पोटात तुटायला हवं होतं. काही तुटत नाही. बाजारातल्या विहिरीत बिबट्या पडला, तसंच हेही. मला रडायचंय आणि कुणासाठी रडायचं तेच मला ठाऊक नाही. एवढं वाईट मला माझे मिस्टर गेले तेव्हाही वाटलं नव्हतं. तेव्हा निदान माणूस ठाऊक होता.

इरफानला वही दाखवणार नाही. अल्फियाला तर नाहीच. काय सांगायचं तिला? गुरुजी बरोबर म्हणाले होते.

पण आज पहाटेच अल्फियानं हाक मारली. “अम्मी, बघ ना. हे ओलं कशानं होतंय?”

गाऊनवर दोन्ही बाजूंना डाग होते. अंगात ताप होता. छातीला हात लावला तर ओरडली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, हॉर्मोन्सची गडबड म्हणाल्या, गोळी लिहून दिली. गोळी आणायला गेले आणि येताना बाजारात फुलवालीपाशी थांबले. मोगरा संपत आलाय, सगळा मिळून अर्धा पाव निघाला. “कुणाचं लग्न काढलंय?” फुलवालीनं विचारलं. मी म्हटलं, कुणाचं नाही.

स्वच्छ फडक्यात फुलं घालून बांधली तिला. घट्ट बांधली. ती विचारत होती, फुलं कशाला, वास किती येतोय. मी म्हटलं, ताप उतरतो त्यानं. बांधताना तिचा डावा कान माझ्या तोंडाशी आला. मागचा तीळ मी तिच्या लहानपणापासून बघतेय. आज बघवला नाही.

आता तिला डोळा लागलाय. खोलीत मोगऱ्याचा आणि त्याच्याखाली दुधाचा वास आहे. बाहेर पाऊस थांबलाय. इरफान बिल भरायला खाली गेलाय, उद्या घरी सोडतील.

मघाशी हे लिहीत होते तेवढ्यात ती झोपेतच म्हणाली, “अम्मी, तिला दे इकडे.”

“कुणाला?” मी विचारलं.

तिनं डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. “कुणाला काय?”

“काही नाही. झोप तू.”

ती कुशीवर वळली. मी खाली बघितलं. वही आणि पेन फरशीवर पडलं होतं. माझे दोन्ही हात मांडीवरून उचललेले होते, कोपरात वाकवून, पुढं धरलेले, मधे थोडी जागा सोडून.